वापी की सिल्वासा?

नोकरीसाठी गाव बदलायचं म्हटलं की नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "पगार किती वाढला?" आणि दुसरा, "राहणार कुठे?" पहिल्याचं उत्तर पाच सेकंदांत देता येतं. आमच्या घरी दुसऱ्याचं उत्तर मिळायला अडीच महिने लागले. आपल्या मंडळातली बरीच तरुण कुटुंबं आज ना उद्या याच प्रश्नापाशी येणार आहेत, म्हणून आम्ही तो कसा सोडवला ते लिहितोय.

बायकोला सिल्वासाजवळच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात, मनासारखी नोकरी मिळाली. मी बी.ई. कॉम्प्युटर. माझी कंपनी मुंबईची, काम बहुतेक घरून, महिन्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवायचं. म्हणजे डोंबिवली सोडायला माझ्या नोकरीची आडकाठी नव्हती. घरात आणखी दोघी: पहिलीत जाणारी लेक आणि अडुसष्ट वर्षांची आई. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते.

सिल्वासात नोकरी लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सल्ला मिळतो, "राहा वापीला, स्टेशन आहे." दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी सांगतो, "छे, वापीला कशाला? सिल्वासा शांत आहे, हिरवं आहे." दोघंही खरंच सांगत असतात. दोन गावांत अंतर सुमारे १८ किलोमीटर. डोंबिवलीकराला हे अंतर म्हणजे काहीच नाही! तरीही या दोन गावांत राहणं ही दोन वेगळी आयुष्यं आहेत, हे तिथे जाऊन राहिल्यावर कळतं.

आधी खोडाखोड

इंजिनिअरच्या घरात अशा वेळी एक्सेल उघडलं जातं, तसं ते उघडलं. डावीकडे मुद्दे, वर दोन गावांची नावं. मुद्दे झाले सतरा.

गणितात समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तेच पद आलं की आपण ते खोडतो. इथेही तेच केलं. दोन्ही गावं महाराष्ट्राबाहेर. त्यामुळे लेकीनं पुढे दहावी-बारावी इकडेच केली, तर महाराष्ट्रातल्या मेडिकल प्रवेशाच्या राज्य कोट्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच येणार. खोडलं. आमची गाडी एमएच-०५. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसरीकडे ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते, मग ती गुजरातची करा की केंद्रशासित प्रदेशाची. खोडलं. मतदार यादी, बँकेचा पत्ता, गॅस या सगळ्यांत हेलपाटे तेवढेच. पाऊसही दोन्हीकडे धो धो. सिल्वासाच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. आम्ही पाहिलेल्या घरांची भाडीही जवळपास सारखीच निघाली. सतरातले नऊ मुद्दे असे गेले.

उरलेल्या आठांपुढे एक नवा रकाना करायचं बायकोनं सुचवलं: ही गोष्ट कोणाच्या वाट्याला येणार? स्टेशन माझ्या वाट्याला. कारखान्याचं अंतर तिच्या. शाळा लेकीच्या. हवा सगळ्यांच्या, पण जास्त करून दिवसभर घरी असणाऱ्यांच्या. दवाखाना, भाजी, देऊळ, शेजार हे आईच्या.

रकाना भरल्यावर एक गोष्ट ठळक दिसली. माझ्या आणि बायकोच्या नावापुढच्या अडचणींना उपाय होते. मला गाडी चालवता येते, मी लवकर उठू शकतो. तिला कारखान्याची बस आहे. लेकीच्या आणि आईच्या नावापुढे असले उपाय नव्हते. दोघींना गाडी चालवता येत नाही आणि दोघींचं जग घरापासून चालत जाता येईल तेवढंच असणार. लेकीचं जग दरवर्षी मोठं होत जाईल. आईचं आहे तेवढं राहिलं तरी पुष्कळ.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथे." हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा ऐकू येतं! ऐकायला तो होकार वाटतो. पण डोंबिवलीत तिची चाळीस वर्षं गेली. भजनी मंडळ, ठरलेली भाजीवाली, नाव घेऊन हाक मारणारा केमिस्ट, सगळं तिनं पायी फिरून जमवलेलं. ते सोडताना माणसाला स्वतःचं मत उरत नाही, म्हणून ती "तुम्ही म्हणाल तिथे" म्हणते. त्या उत्तरावर घर ठरवायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवलं.

मग असं केलं: बायको सुरुवातीला कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहिली आणि आम्ही तिघांनी दोन्ही गावांत एकेक आठवडा काढला. सोमवार ते रविवार, अगदी साधा आठवडा. मी लॅपटॉपवर काम करणार, आई स्वयंपाक करणार, आणि बाग-धबधबे वगैरे पर्यटन नाही. आईकडे एकच काम: घरातून निघून पंधरा मिनिटांत चालत काय काय सापडतं ते लिहून ठेवायचं. तिनं ते कालनिर्णयच्या पानामागे लिहिलं.

मधला रस्ता

आठवड्यांबद्दल सांगण्याआधी या १८ किलोमीटरांबद्दल सांगायला हवं, कारण एवढा गमतीदार रस्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

वापी गुजरातमध्ये, वलसाड जिल्ह्यात. तिथून निघालं की थोड्याच वेळात दादरा लागतं आणि आपण केंद्रशासित प्रदेशात शिरतो. दादरा संपलं की पुन्हा गुजरात, लवाछा वगैरे गावं. मग नगर हवेली सुरू होते, म्हणजे परत केंद्रशासित प्रदेश, आणि मग सिल्वासा. अर्ध्या-पाऊण तासात तीनदा हद्द ओलांडली जाते. पाटी वाचली नाही तरी चालतं. गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरूनच आपण कुठे आहोत ते समजतं. शनिवारी संध्याकाळी तर रस्त्यावरच्या गर्दीवरूनही समजतं.

हे असं ठिगळाठिगळाचं का? त्यात आपल्या इतिहासाचा हात आहे. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांच्या जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याच्या भरपाईत १७८३मध्ये नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांकडे गेला. १७८५मध्ये त्यांनी दादरा विकत घेतलं. पावणेदोनशे वर्षांनी मराठी माणसंच ते सोडवायला आली. १९५४च्या जुलैत २१-२२च्या रात्री दादरा मुक्त झालं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते अशा वेगवेगळ्या गटांनी हे केलं. संगीतकार सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावं त्यात आहेत. पुढे सात वर्षं इथला कारभार वरिष्ठ पंचायतीनं पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ला हा प्रदेश भारतात विलीन झाला.

मधल्या काळात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं. वाद कशाचा, तर दमणहून दादरा आणि दादराहून नगर हवेली, या मधल्या भारतीय पट्ट्यातून जाण्याच्या हक्काचा. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि भारतानं १९५४मध्ये जे केलं त्यात नियमभंग झाला नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे ज्या वाटेवरून कारखान्यांच्या बसेस रोज सकाळी डबेवाली माणसं घेऊन जातात, तिथून कोणी जायचं आणि कोणी नाही, याचा निवाडा जगाच्या न्यायालयात झालेला आहे. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "बस वेळेवर येते ना, तेवढं बघ."

आता दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे, २६ जानेवारी २०२०पासून, आणि त्याची राजधानी दमण. उच्च न्यायालय मात्र आजही मुंबईचंच.

वापीचा आठवडा

वापीत आम्ही 'चला' नावाच्या भागात एका ओळखीच्यांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहिलो. दमण रस्त्यावरची ही वस्ती, आणि तिचं नाव खरोखरच 'चला' आहे. रिक्षावाल्याला "कुठे?" या प्रश्नाचं उत्तर "चला" असं देताना मराठी माणसाला हसू आवरत नाही. लेकीनं आठवडाभर तो विनोद पुरवून वापरला.

माझ्यासाठी वापी उत्तम होतं. स्टेशन रिक्षाच्या टप्प्यात. सकाळची फ्लाइंग राणी सुरतेहून येते, वापीला थांबते आणि ऑफिसच्या वेळेपर्यंत बोरिवलीला पोहोचवते. संध्याकाळी तीच परत आणते. राष्ट्रीय महामार्ग ४८ गावाला लागूनच, मोठी खाजगी रुग्णालयं, मोठी दुकानं. वापी हे काम करणाऱ्या माणसांचं गाव आहे. औद्योगिक वसाहत १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि तिच्या आजूबाजूला शहर वाढत गेलं. देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आलेली माणसं इथे स्थिरावली आहेत, त्यामुळे इथे कोणी तुम्हाला परकं म्हणत नाही.

हवेबद्दल सांगायचं तर २००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा अंकलेश्वर पहिलं आणि वापी दुसरं होतं. त्यानंतर बरंच काम झालं आहे, आणि 'चला' हा भाग कारखान्यांपासून बाजूला आहे. आमच्या आठवड्यात दोन रात्री वास आला, पाच रात्री नाही.

आणि आईचा कागद? त्यावर पाच ओळी होत्या. सोसायटीतली बाग, बाकं तीन. मेडिकल. भाजीचा टेम्पो, गेटवर, साडेदहाला. देऊळ, मोठा रस्ता ओलांडून. शेजारच्या बेन, फार चांगल्या.

बेन खरंच फार चांगल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी थेपले आणि छुंदा घेऊन आल्या. त्या गुजरातीत बोलायच्या, आई हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघी मान हलवायच्या. पण त्या नोकरी करणाऱ्या, संध्याकाळी सातनंतर भेटणाऱ्या. दिवसभर सोसायटी रिकामी. मोठ्या रस्त्यावर ट्रक आणि गाड्यांची रांग. आई पहिल्या दिवशी तो ओलांडून देवळात गेली, दुसऱ्या दिवशी अर्ध्यातून परत आली, तिसऱ्या दिवसापासून खाली बाकावर बसू लागली. तक्रार एकही नाही. मी कॉलवर असताना बाल्कनीतून दिसायची, मोबाइल हातात धरून बसलेली.

सिल्वासाचा आठवडा

सिल्वासाला आम्ही टोकरखाड्याच्या बाजूला एका गल्लीत, बैठ्या घरात राहिलो. एप्रिल होता, ऊन चांगलंच होतं. पहिल्या दिवशी मला जाणवलं ते स्टेशनचं लांब असणं. ऑफिसला जायचं म्हणजे अंधारात उठून १८ किलोमीटर जाणं आलं.

सिल्वासाला येणारे पाहुणे दुधनीचा तलाव, खानवेल, दादराची वनगंगा बाग, नाहीतर गावातलं जुनं पोर्तुगीज चर्च आणि आदिवासी संग्रहालय बघून जातात. हे सगळं छान आहे, पण आमच्या आठवड्याच्या अटीत ते बसत नव्हतं. आम्ही बघितलं ते नुसतं गाव. करसवलतींमुळे १९८०-९०च्या दशकांत इथे पॉलिएस्टर धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने भराभर आले आणि गाव बघता बघता वाढलं. तरी मधल्या वस्तीला अजून गावाची चाल आहे. गल्ल्या आहेत, झाडं आहेत, पायरीवर बसणारी माणसं आहेत.

तिसऱ्या दिवशी आई भाजी घेऊन आली ती तासाभरानं. मी काळजीत. ती मात्र वेगळ्याच आनंदात होती. आईचं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातलं. तिच्या लहानपणी शेतावर कामाला येणारी माणसं कोकणा समाजाची असायची, आणि त्यांची बोली तिच्या कानात बसलेली होती. सिल्वासाच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसलेल्या दोन बायका आपसात बोलताना तिनं ऐकल्या आणि ती थबकली. साठ वर्षांनी तीच बोली! कोकणा आणि वारली समाज महाराष्ट्र, गुजरात आणि नगर हवेली या तिन्हींत पसरलेला आहे, हद्दी नंतर आल्या. आई त्यांच्यापाशी बसली, माहेरचं सांगितलं, त्यांचं विचारलं आणि येताना अर्धा किलो जास्तीची भेंडी घेऊन आली.

त्यावर मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. सिल्वासावरून वाहत दमणला समुद्राला मिळणारी दमणगंगा दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरातच उगम पावते. मधुबन धरण त्याच नदीवरचं, आणि त्याचं पाणी गुजरात, नगर हवेली आणि दमण यांच्यात वाटलं जातं. आईनं नळाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हे आमच्याकडचंच पाणी."

आठवडा संपताना कालनिर्णयच्या पानामागे तेरा ओळी झाल्या होत्या. दूध, वाटेत सावली. गिरणी, बारीक दळून देतो. हनुमानाचं देऊळ, रस्ता ओलांडावा लागत नाही. शिंपी, मराठी. भाजीवाल्या, नावं लिहिलेली. पलीकडच्या गल्लीतल्या जळगावच्या वहिनी, दुपारी घरी असतात. अशा तेरा.

निघायच्या दिवशी ती मला म्हणाली, "गहू इथे कुठून घ्यायचे ते विचारून ठेव. वर्षाचे एकदमच भरू." हिशेब तिथेच संपला.

मराठीची ओळ

तक्त्यातल्या एका ओळीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्या मंडळात तो विषय नेहमी निघतो. मुलांची मराठी.

शाळेत कोणती भाषा सक्तीची, हे राज्याच्या हद्दीवर ठरतं. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानं सर्व शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं. गुजरातनं २०२३मध्ये तसाच कायदा गुजरातीसाठी केला, पहिली ते आठवीसाठी. सिल्वासा दोन्ही राज्यांत नाही, तिथे यातला एकही कायदा लागू नाही. दादरा नगर हवेलीत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा पूर्वीपासून आहेत. आम्ही मात्र लेकीला इंग्रजी माध्यमात घालणार होतो. म्हणजे वापीत ती शाळेत गुजराती शिकली असती, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. जिथे राहायचं तिथली भाषा यायलाच हवी. बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून राहणारी मराठी घरं अस्खलित गुजराती बोलतात आणि मराठीही टिकवून आहेत.

पण मराठी शाळेतून येणार नाही, हे दोन्ही गावांत सारखंच होतं. ती घरातूनच यायला हवी. आणि आमच्या घरात ती कोणाकडून येते? मी दिवसभर कॉलवर इंग्रजी-हिंदीत. बायको शिफ्टमध्ये. लेकीला गोष्टी सांगणारी, चुकलेला शब्द दुरुस्त करणारी, पाटीवर 'ळ' गिरवून घेणारी एकच व्यक्ती आहे. आई दिवसभर बाकावर गप्प बसून राहिली तर रात्री गोष्ट काय सांगणार? आणि बाजारातून, देवळातून, जळगावच्या वहिनींकडून चार बातम्या घेऊन आली तर जेवताना तिला बोलायला मिळतं आणि लेकीला ऐकायला. आम्हाला मराठीची आणि आईच्या पंधरा मिनिटांची ओळ एकच दिसली. आमच्या घरापुरतं सिल्वासा तिथे नक्की झालं.

एक वर्षानंतर

जूनमध्ये सामान हलवलं, त्याला आता वर्ष झालं. निर्णयाची किंमत काय पडली तेही सांगतो.

महिन्यातून दोनदा मी पावणेपाचला उठतो. पावसाळ्यात त्याही आधी, कारण खड्डे आणि पाणी असलं की वापीला पोहोचायचा वेळ सांगता येत नाही. दोनदा गाडी डोळ्यांसमोरून गेली. मुंबईचे मित्र पूर्वी उठसूट यायचे, आता येत नाहीत. वापीला उतरून पुन्हा रिक्षा म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. आईच्या हृदयाचे डॉक्टर ठाण्याचेच आहेत, सहा महिन्यांनी तिथे जावं लागतं. इथे २०१९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी रुग्णालय मोठं आहे, पण जुना डॉक्टर सोडायला आई तयार नाही आणि आम्हीही तिला आग्रह करत नाही. भजनी मंडळ इथे तिला अजून सापडलेलं नाही. एकादशीला ती डोंबिवलीच्या मैत्रिणींना फोन लावते, त्या तिकडे म्हणतात आणि ती इकडे टाळ्या वाजवते. फोन ठेवल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलत नाही. ते सिल्वासानं भरून निघालेलं नाही.

ऑगस्टमधली एक दुपार मात्र सांगायलाच हवी. मी ऑफिसला गेलो होतो. बायको कारखान्यात होती, आत फोन नेता येत नाही. आईला स्वयंपाकघरात चक्कर आली. लेक शाळेतून नुकतीच आली होती. तिनं आजीला भिंतीला टेकवून बसवलं आणि चपला न घालता पलीकडच्या गल्लीत धावत गेली. दोन मिनिटांत जळगावच्या वहिनी घरात, पंधरा मिनिटांत रिक्षा दवाखान्यात. साखर उतरली होती, संध्याकाळी आई घरी आली. मला फोन आला तेव्हा सगळं पार पडलेलं होतं. माझी गाडी, स्टेशन, महामार्ग यांतलं काही त्या दुपारी उपयोगी पडलं नसतं. सात वर्षांच्या मुलीला धावत जाता येईल एवढ्या अंतरावर ओळखीचं दार होतं, ते उपयोगी पडलं.

वापी वाईट आणि सिल्वासा चांगलं, असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्याच कंपनीतला एक जण बायको आणि तान्ह्या बाळासह वापीला राहतो, दोघंही आठवड्यातून तीनदा मुंबईला जातात, आणि त्यांच्यासाठी वापीच बरोबर आहे. त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे. त्यांचा तक्ता वेगळा, रकाने वेगळे. आणि उद्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन वापीला थांबू लागली, तर कदाचित सगळ्यांनाच हिशेब पुन्हा मांडावे लागतील. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गातले सुमारे चार किलोमीटर दादरा नगर हवेलीतून जातात.

तुमच्या घरी असा प्रश्न आला तर दोनच गोष्टी सुचवेन. दोन्ही गावांत एकेक साधा आठवडा राहून बघा, सुट्टीतला नको, कामाचा. आणि घरात जो सगळ्यांत कमी लांब जाऊ शकतो, त्याच्या हातात कागद-पेन द्या. तो "तुम्ही म्हणाल तिथे" म्हणेल. म्हणू द्या. कागदावरच्या ओळी मोजा.

सिल्वासाकडे आलात तर घरी नक्की या. वापीला उतरा, तिथून रिक्षा किंवा बस मिळते, वाटेत तीन वेळा हद्द लागेल. पावसाळ्यात आलात तर आणखी चांगलं. करटोली तेव्हाच येतात, आणि आईच्या भाजीवाल्या त्या तिच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.